अवघड तो पाठ खरा

पीएच.डी. झालेल्या माणसानं इस्पितळात नोकरी धरू नये. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'डॉ. पद्मजा मगदूम' असं छापलेलं असतं आणि लिफ्टमध्ये कुणीतरी एक्स-रेचं पाकीट उघडून पुढ्यात धरतं. "डॉक्टर, जरा बघता का, सासऱ्यांचं आहे." पहिल्या वर्षी पद्मजा खुलासा करायची, की मी तसली डॉक्टर नव्हे, जुन्या मराठी पोथ्यांची डॉक्टर. ते ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचं, त्यापेक्षा एक्स-रे बघितलेला परवडायचा. दुसऱ्या वर्षापासून ती फिल्म उजेडाकडे धरायची, भुवया जवळ आणायची आणि म्हणायची, "मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या." तिचा हा सल्ला कधीही चुकला नाही.

पोथ्यांची डॉक्टर होऊन तिनं तोवर काय काय केलं होतं? जयसिंगपूर, सांगली, इस्लामपूर अशा तीन गावांतल्या तीन कॉलेजांत अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. मराठी घेणारी मुलं दरवर्षी कमी होत गेली आणि शेवटी एका जूनमध्ये कॉलेजानं विषयच गुंडाळला. मग मालिकांची उपशीर्षकं तपासली. मग एका मसालेवाल्यासाठी 'परंपरेचा दरवळ' छापाची वाक्यं लिहिली. तसली वाक्यं यंत्रं तिच्यापेक्षा झपाट्यानं लिहू लागली, तेव्हा तेही गेलं. आई म्हणायची, "बी.एड. केलं असतंस तर." आई हे दर दिवाळीला म्हणायची, फराळाच्या ताटाबरोबर.

आणि मग वाचापेटी आली.

माणूस बोलतो म्हणजे मेंदूतल्या एका पट्टीतून जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सुटतात. काही जणांच्या मेंदूच्या देठाशीच रक्तस्राव होतो. हुकूम सुटतच राहतात, पण खाली जाणारा रस्ता तुटलेला असतो. माणूस आत जागा असतो आणि बाहेरून दगड. अशांच्या कवटीखाली, मेंदूच्या अंगाला, सायीसारखी पातळ जाळी बसवत. त्या जाळीतले हजारभर इलेक्ट्रोड सुटलेले हुकूम टिपत आणि कुठल्या हालचालीतून कुठला आवाज झाला असता ते ओळखत.

अडचण एवढीच, की हे हुकूम वाळवी लागलेल्या पानासारखे तुटक येतात. मधली भोकं पेटी स्वतः भरते. तिनं कोट्यवधी वाक्यं वाचलेली असतात, शिवाय रुग्णाची पत्रं, भाषणं, फोनवरची बोलणीही तिला पाजलेली असतात. त्या शिदोरीवर ती अंदाज बांधते. एका वेळी पाच वाक्यं, म्हणजे पाच पाठ, तयार करते, प्रत्येकापुढं खात्रीची टक्केवारी मांडते आणि पहिलं वाक्य रुग्णाच्याच जुन्या आवाजात मोठ्यानं बोलते. बाकीची चार पडद्यावर राहतात. ती कुणी बघत नाही.

मग प्रश्न आला, की बोललं कोण? माणूस की पेटी? एका बाईच्या शस्त्रक्रियेवरून हा वाद कोर्टात गेला आणि नियम झाला, की जिवाशी संबंध असलेलं पेटीचं वाक्य पाचही पाठ तपासून एका जाणत्या माणसानं प्रमाणित केल्याशिवाय धरायचं नाही. जाणता कोण? नियमावलीत कुणी अधिकाऱ्यानं लिहून टाकलं होतं, 'पाठचिकित्सा वा तत्सम विषयातील विद्यावाचस्पती.' त्या एका ओळीवर देशभरातल्या सव्वातीनशे घरांची चूल पेटत होती. पद्मजाला त्या अधिकाऱ्याचं नाव कळलं असतं तर तिनं देव्हाऱ्यात त्याचा फोटो ठेवला असता.

हुद्दा होता पाठ-प्रमाणक. नोकरी कंपनीची, बसायचं मिरजेच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर.

आठलेकर सर ह्याच मजल्यावर आले.

प्रा. रघुवीर आठलेकर म्हणजे पद्मजाचे मार्गदर्शक. तिच्या प्रबंधाची नऊ वर्षं ह्या माणसाच्या तांबड्या पेन्सिलीखाली गेली होती. एका अप्रसिद्ध कवीच्या आख्यानाच्या चौदा पोथ्या, चौदांचे चौदा तऱ्हेचे पाठ, त्यांतून कवीनं मुळात काय लिहिलं असेल ते शोधायचं. प्रत्येक प्रकरण सर परत द्यायचे आणि समासात एकच शेरा असायचा, 'टिपा अपुऱ्या.' प्रबंध मंजूर झाला त्या दिवशी तिनं पेढे नेले. सरांनी पेढा उचलला, म्हणाले, "अनुक्रमणिकेत पृष्ठ दोनशे बारा दोनदा आलंय," आणि पेढा खाल्ला.

आता ते खाटेवर होते. घशाला भोक, त्यातून श्वासाचं यंत्र. पापण्यासुद्धा त्यांच्या ताब्यात राहिल्या नव्हत्या. पापणी हलली असती तर होय-नाही त्यावरच भागलं असतं, पेटी लागलीच नसती.

कंपनीच्या अर्जात विचारलं होतं, रुग्णाशी नातं आहे का? रक्ताचं, लग्नाचं, व्यवहाराचं. ह्या माणसानं तुमचं आयुष्य खोडून खोडून लिहिलंय का, असा रकाना नव्हता. पद्मजानं 'नाही' वर खूण केली.

सरांची शिदोरी तिनंच गोळा केली. घरी जाऊन तीन दिवस बसली. व्याख्यानांच्या ध्वनिफिती, विद्यापीठाशी झालेली भांडणं, फोनमधले निरोप असे सगळे मिळून सहाशे बारा नग. त्यांत बायकोला उद्देशून सत्तावीस. त्यांतले एकोणीस 'बरं' एवढेच.

"एवढंच बोलायचे हे," नलिनीकाकू म्हणाल्या. सरांच्या बायको. गोऱ्या, ठेंगण्या, आपण कुणाच्या तरी वाटेत उभ्या आहोत अशा बेतानं कायम थोड्या बाजूला सरकून बसणाऱ्या. "अठ्ठेचाळीस वर्षं झाली गं लग्नाला. मी पोळी वाढली की हे हात आडवा धरायचे. म्हणजे पुरे."

पेटी सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी, काकू डबा उघडत असताना, सरांचा आवाज खोलीत म्हणाला, "जेवलीस का?"

काकूंच्या हातातलं झाकण खाली पडलं. सिस्टर रुबिना मुजावरनं ते उचलून पुसून दिलं. "घाबरू नका काकू, साहेबच हायत."

"हे नाहीत," काकू म्हणाल्या. "ह्यांनी असं कधी विचारलं नाही."

पण दुसऱ्या दिवशी पेटीनं पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "दमलीस. बस जरा." मग एकदा, "हा रंग तुला बरा दिसतो." काकू आधी लाजल्या, मग सरावल्या, मग वाट बघू लागल्या. सकाळी दहा ते बारा सरांच्या मेंदूतले संकेत बरे यायचे, तेवढ्यात पेटी चालू ठेवायची असा क्रम होता. काकू पावणेदहाला केसांत अबोलीचा गजरा घालून हजर. डब्यात काय आहे ते सरांना सांगायच्या, दोडक्याची भाजी, वर तीळकूट, आणि मग स्वतःच खायच्या.

"काय बाई मॅडम," रुबिना म्हणायची, "आमच्या घरच्यालाबी एक पेटी बसवून द्या की. डोक्याला काय न होता बसती का बघा."

पद्मजा हसायची आणि पडद्यावरचे पाचही पाठ बघायची. तिला दुसरं काही करता येत नव्हतं म्हणा, किंवा तेवढंच येत होतं म्हणा.

दुसऱ्या महिन्यात एका वाक्याचा घोळ सुरू झाला. रोज साडेअकराच्या सुमाराला सरांच्या मेंदूतून अकरा-बारा सेकंदांचा एक लांब प्रयत्न यायचा. सुरुवातीला आणि शेवटाला संकेत जोरकस, मधे नुसती खरखर. पेटीनं त्याचं वाक्य केलं आणि बोलून दाखवलं, "तू नसलीस की घड्याळ बंद पडतं."

त्रेचाळीस टक्के.

काकूंनी डब्याला झाकण लावलं. उठून खिडकीशी गेल्या आणि खाली रिक्षा मोजत असल्यासारख्या उभ्या राहिल्या. पद्मजाला त्यांच्यासाठी ओशाळल्यासारखं झालं. घड्याळ बंद पडतं म्हणे. असल्या घड्याळांनी पेटीची पोथी भरलेली असणार. जगातल्या निम्म्या गोष्टींत कुणी गेलं की घड्याळ बंद पडतं. सरांच्या घरी घड्याळ होतं ते सेलवरचं, औषधाच्या कंपनीनं फुकट दिलेलं, आणि सहाशे बारा नगांत घड्याळाचा उल्लेख एकदाही नव्हता. हे सरांचं नव्हे. हा पोथी उतरवून काढणाऱ्या लेखनिकाचा हात.

तिनं खालचे पाठ बघितले. दुसरा, अडतीस टक्के. त्यात मधली खरखर नुसती खरखर धरली होती आणि दोन टोकांचेच संकेत वाचले होते.

"पुरे. थांबवा."

 हा आवाज पद्मजाच्या ओळखीचा होता. पोळीवर आडवा धरलेला हात.

सरांनी हे तिला शिकवलं होतं, त्यांच्या अभ्यासिकेत, दोन पोथ्या समोर ठेवून. आख्यानातला मुलगा बारा वर्षांनी घरी येतो. एका पोथीत आई त्याच्या गळ्यात पडून अश्रूंनी त्याचे पाय धुते. दुसऱ्या पोथीत आई विचारते, गोठ्याचं दार लावलंस का?

"कोणता पाठ खरा?" सर.

"पहिला," पद्मजा म्हणाली होती. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

"लेखनिक हाही माणूसच असतो, बाई. अवघड दिसलं की सोपं करतो. थोडकं दिसलं की लांबवतो. कडू दिसलं की साखर घालतो. दोन पाठ समोर आले की एवढंच विचारायचं, कशातून काय झालं असेल? कडव्याचं गोड करणारे गल्लोगल्ली आहेत. गोडाचं कडू कोण करील?"

त्या एका प्रश्नावर तिनं चौदा पोथ्या लावल्या होत्या. आणि आता पेटी हा लेखनिक होता, जगातला सगळ्यात वाचलेला, सगळ्यात गोडबोल्या लेखनिक.

त्या आठवड्यात आणखी एक झालं. काकू औषधं आणायला गेल्या होत्या. पद्मजा एकटीच पडद्यासमोर बसलेली. सरांचा आवाज म्हणाला, "पद्मजा, तुझं वाचन चुकत नाही."

चौसष्ट टक्के.

 क्षणभर ती खुर्चीत बावीस वर्षांची बसली होती. मग तिनं खालचे पाठ उघडले. चौथा होता, "टिपा अपुऱ्या आहेत." नऊ टक्के.

ती मोठ्यानं हसली. रुबिनानं दारातून डोकावून बघितलं. पद्मजानं पहिल्यावर काट मारली आणि चौथा कायम केला. डोळे पुसायला मात्र तिला बराच वेळ लागला. पण फसले नाही, सर. बघा.

पुण्याहून केदारचा फोन आला. कंपनीचा हा मुलगा तिचा वरिष्ठ होता आणि तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. "मॅम, तुमच्याकडे पहिला पाठ बदलायचं प्रमाण खूप आहे. बाकीचे लोक शंभरात चार बदलतात. तुम्ही एकवीस."

"बाकीचे वाचत नसतील."

"नाही, तसं नाही म्हणत मी. इट्स व्हॅल्युएबल, मॅम. तुम्ही प्रत्येक बदलाचं कारण लिहिता ना, ते आम्ही पुढच्या मॉडेलला शिकवतोय. तुमच्या टिपा फार डिटेल असतात."

पद्मजाला ह्याचा अभिमान वाटला. आपल्या टिपा पुरेशा आहेत असं तिला पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

'पुरे. थांबवा.' हा पाठ खरा असेल तर तो जिवाशी संबंध असलेला पाठ होता, आणि गप्प बसायची मुभा नियमात नव्हती. सरांना श्वासाचं यंत्र नको असेल तर ते लादणं गुन्हा होता. तीन वेगवेगळ्या दिवशी सरळ प्रश्न विचारायचा, तीनपैकी दोनदा होकार आला तर इस्पितळाच्या समितीकडे जायचं. तिनं काकूंना कँटीनमध्ये नेलं आणि सांगितलं.

काकूंनी चहाची बशी दोनदा सरळ केली. "म्हणजे ते जेवलीस का, दमलीस का, ते ह्यांचं नव्हे?"

"तसं अगदी नाही म्हणता येत, काकू. थोडं त्यांचं असेल. पेटी मधली भोकं भरते. नवरा बायकोला साधारण काय म्हणतो, त्यावरून."

"साधारण नवरा," काकू म्हणाल्या. त्यांनी त्या दोन शब्दांकडे जरा वेळ बघितलं. "आणि ते घड्याळाचं?"

"ते तर नाहीच. ते गोष्टीतलं आहे."

"असेल गं. घड्याळं काय सगळ्यांकडेच असतात." मग बशी बाजूला सारत, "मला गोड लागतंय म्हणून ह्यांना अडकवून ठेवायचं, हे काही बरं नव्हे. तू नीट बघितलंयस ना?"

"बघितलंय."

"मग झालं."

पहिल्या दिवशी पद्मजानं खाटेशी वाकून विचारलं, "सर, श्वासाचं यंत्र थांबवायचंय का?" पेटी म्हणाली, "हो." अठ्ठावन्न टक्के. दुसऱ्या दिवशी, "हो." एकोणपन्नास. तिसऱ्या दिवशी नुसती खरखर. प्रश्न विचारला की माणसं बहुधा हो म्हणतात, आणि पेटीला हे माहीत असल्यामुळे तिचा कल होकडे असतो, हे पद्मजाला ठाऊक होतं. तिनं तशी टीप लिहिली. पाच ओळींची, नेमकी, संदर्भासह. मग प्रमाणपत्र लिहिलं. 'मूळ पाठ: पुरे. थांबवा. मधला विस्तार प्रक्षिप्त, पेटीने घातलेला. कारणे: थोडका पाठ, अवघड पाठ, रुग्णाच्या ज्ञात शैलीशी सुसंगत.' खाली सही. समितीत तीन डॉक्टर होते, खरे. त्यांनी तिचं प्रमाणपत्र वाचलं आणि एकानं विचारलं, "तुमची खात्री आहे ना, डॉक्टर?" त्या खोलीत तिला पहिल्यांदाच कुणीतरी योग्य कारणासाठी डॉक्टर म्हणालं होतं.

काकूंनी सही केली. शेवटच्या सकाळी पेटी काढून ठेवली होती, तसा नियमच होता. झोपेचं औषध दिलं, मग यंत्र थांबवलं. काकू सरांच्या पायाशी बसून होत्या, कुणाच्या वाटेत येणार नाही अशा बेतानं. रुबिनानं खिडकी उघडली. ऑक्टोबरचं ऊन नुसतं आत पडून राहिलं.

जानेवारीत केदारचा पुन्हा फोन आला. आवाजात पेढे होते. "मॅम, नवीन मॉडेल मंजूर झालं. आठलेकर केस आम्ही नमुना म्हणून वापरली. तुटक बोलणारा, कडक स्वभावाचा माणूस असला की मॉडेल आता आपणहून गोड पाठ मागे टाकतं आणि थोडका पुढे घेतं. अगदी तुमच्यासारखं. फक्त त्यामुळे असं झालंय, की रेग्युलेटरनं प्रमाणकाची अट काढून टाकली."

"सगळ्यांची?"

"मार्चअखेर. आय ॲम रिअली सॉरी, मॅम. तुमचं नाव आभारात आहे."

सव्वातीनशे चुली. पद्मजानं फोन ठेवला आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आईला दिवाळीपर्यंत कळू द्यायचं नाही.

फेब्रुवारीत नलिनीकाकूंनी बोलावलं. सरांची पुस्तकं वाचनालयाला द्यायची होती, जुन्या लिपीतली कुठली नि साधी कुठली ते त्यांना कळेना. पद्मजा दुपारी गेली. अभ्यासिकेत खोकी मांडली होती. सर प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायचे, आणि काकू वाचनालयासाठी ती कव्हरं काढून पुस्तकं पुसत होत्या. रिकाम्या मांडणीकडे बघवत नव्हतं.

"हे एक सापडलं," काकू म्हणाल्या. "शब्दकोशाच्या कव्हरात, आतून. ह्यांचं अक्षर आहे, पण इतकं खोडलंय की मला लागेना. तू लावून दे."

पिवळा पडलेला पाठकोरा कागद होता. वर तारीख, १२ मे १९९२. पद्मजानं तो खिडकीशी नेला आणि लिफ्टमधल्या एक्स-रेसारखा उजेडाकडे धरला. सवयीनं तिनं आधी खोडलेलं वाचलं, मग राखलेलं.

पहिली ओळ, खोडलेली: 'प्रिय नलिनी, तू नसलीस की घड्याळ बंद पडतं.'

दुसरी, खोडलेली: 'तू नसलीस की घड्याळ बंद पडतं, आणि मला किल्ली द्यावीशी वाटत नाही.'

तिसरी, खोडलेली: 'तू नसलीस की घर'. तिथंच सोडलेली.

चौथी न खोडलेली, ठसठशीत: 'घड्याळ बंद आहे. किल्ली कुठे ठेवली आहेस ते कळव.'

"काय आहे गं?"

पद्मजाला वाचून दाखवावं लागलं. चारही ओळी, क्रमानं. तिच्या कामाचं स्वरूपच ते होतं.

"बाई," काकू म्हणाल्या आणि खोक्यावर बसल्या. "शेवटचं तेवढं आलं होतं मला. कार्डावर. मी महिनाभर माहेरी गेले होते, कुरुंदवाडला. चावीचं घड्याळ होतं तेव्हा आमच्याकडे. आईनं कार्ड वाचलं आणि म्हणाली, जावई किल्लीची चौकशी करतायत, तुझी नाही. माझा भाऊ किती दिवस हसत होता." त्यांनी पदरानं कोशावरची धूळ पुसली, जी आधीच पुसलेली होती. "पेटीत हे घड्याळाचं बोलले ना, तेव्हा मला वाटलं, अजून किल्लीच मागतायत. म्हणून मी काही बोलले नाही. म्हटलं, तुला काय सांगायची ती थट्टा."

पद्मजाच्या हातात कागद होता. सहाशे बारा नग तिनं स्वतः मोजून पेटीला पाजले होते. हा त्यांत नव्हता. ते कार्डही नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं हा कागद एका शब्दकोशाच्या पोटात होता आणि पेटीला तो ठाऊक असण्याची कुठलीही वाट नव्हती. ते वाक्य पेटीनं रचलेलं नव्हतं. एक माणूस रोज साडेअकरा वाजता, अकरा सेकंद, सगळा जीव एकवटून, आयुष्यभर खोडलेली ओळ न खोडता बोलायचा प्रयत्न करत होता.

गोडाचं कडू कोण करील? उत्तर समोर होतं, सरांच्याच अक्षरात. चार ओळींत त्यांनी ते करून दाखवलं होतं. कडू बोलणं ह्या माणसाला कधीच अवघड नव्हतं. तिनं सोपा पाठ निवडला होता.

"म्हणजे पेटीतून बोलायचे ते हेच होते," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. सत्तरीच्या बाईचा चेहरा तसा उजळलेला पद्मजानं फक्त तिसऱ्या मजल्यावर पाहिला होता, सकाळी दहा ते बारा. "जेवलीस का, तेसुद्धा. हो ना गं?"

नाही म्हटलं असतं तर काकूंच्या हातून एवढंही गेलं असतं. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणारच होता. पद्मजाला तो येताना दिसत होता.

"हो, काकू. त्यांचंच होतं."

काकूंनी कागद घेतला, घडीवर घडी घातली. मग त्यांचे हात थांबले.

"आणि ते 'पुरे'?"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत दोघी ऐकत राहिल्या. पद्मजा शब्दकोश उचलून त्याला त्याचं खाकी कव्हर परत घालू लागली. 

काकूंनी तिच्याकडे बघितलं. मग नजर काढून घेतली, वाट द्यावी तशी. त्या उठल्या, जाता जाता तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून, तिची समजूत घालावी तशा, म्हणाल्या, "तू नको मनाला लावून घेऊस. तुझ्यापाशी नाही बोलायचे, पण माझ्यापाशी हे नेहमी म्हणायचे, पद्मजाचं वाचन चुकत नाही. म्हणून तर मी सही केली गं."